बोंडूचं वजन

मिरजोळे, रत्नागिरी
२९ जून २०२५, रविवार

दादा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. ४ मे रोजी आप्पांच्या सत्तराव्या वाढदिवसाला तू कच्छातल्या मुंद्र्याहून बुटांच्या खोक्यातून कासवाचं एक पिल्लू आणलंस. त्याच दिवशी मी त्याचं वजन केलं: ९२ ग्रॅम. पाठीची लांबी सव्वासात सेंटिमीटर. आप्पांनी त्याचं नाव बोंडू ठेवलं.

२. दुसऱ्या दिवशी तू परत गेलास. त्याला खायला काय द्यायचं हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आप्पा त्याला काकडी, टोमॅटो, दूधभात आणि हापूसच्या फोडी देत होते. हापूस ते सगळ्यांत आवडीने खायचं.

३. त्याला मागच्या पडवीत प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलं होतं. मे संपायच्या आत पाऊस धरला. तेव्हापासून त्याला ऊन मिळालेलं नाही.

४. १४ जूनला ते विहिरीत पडलं. वीस मिनिटांनी बाहेर काढलं.

५. १७ जूनपासून नाकातून बुडबुडे येतात. मान पूर्ण ताणून, तोंड उघडून श्वास घेतं.

६. २१ जूनपासून डोळे सुजून बंद. खाणं बंद.

७. २४ जूनला पाठीवर अंगठा दाबून पाहिला. पाठ दबली. भिजलेला पुठ्ठा दबतो तशी.

८. काल डॉक्टरांना दाखवलं. वजन ८१ ग्रॅम.

आप्पा दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलतात, पण यातलं काही त्यांनी तुला सांगितलेलं नाही. आजही सांगणार नाहीत. माझा नंबर तू ब्लॉक केलेला आहेस, म्हणून हे स्पीड पोस्टाने तुझ्या क्वार्टरच्या पत्त्यावर.

डॉक्टर राजश्री मुख्यतः गाईगुरं आणि कुत्री बघतात. कासव त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा हातात घेतलं, असं त्यांनीच सांगितलं. मला ते आवडलं. त्यांच्या वर्गातला एकजण पुण्यात सापा-कासवांवर उपचार करतो, त्याला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. दोघांचं मत एक आहे. फुप्फुसात संसर्ग आहे. पाठ मऊ पडली ती कॅल्शियम आणि ऊन नसल्यामुळे. डोळे सुजले ते चुकीच्या खाण्यामुळे. जगण्याची शक्यता विचारली, तर पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "निम्मी धरा." राजश्री मॅडम इंजेक्शनं लिहू लागल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. हे पाण्यातलं कासव नाही. कोरड्या रानातलं, जमिनीवरचं आहे. पाठीवर ज्या पिवळ्या चांदण्या आहेत त्यावरून ते ओळखतात, आणि ते घरात पाळायला कायद्याने बंदी आहे. वनविभागाला कळवायला हवं. ते मी बघते आहे.

तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. तू ते कोणाकडून घेतलंस, तिथे ते काय खात होतं, आणि तेव्हा त्याचा श्वास नीट होता का. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

अक्षया


१३ जुलै, रविवार

दादा,

उत्तर आलेलं नाही. पत्र ४ तारखेला पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसतं.

आजचं वजन ७६. उतरतंच आहे. इंजेक्शनं दर तिसऱ्या दिवशी, पुढच्या पायात. एकूण सात, त्यांपैकी पाच झाली. पहिली दोन मॅडमनी दिली, पुढची मी. त्याचा पाय माझ्या करंगळीपेक्षा बारीक आहे. सुई टोचल्यावर ते पाय आत ओढत नाही. ओढायला हवा.

मासळीच्या कंपनीत मी दिवसभर शीतगृहाचं तापमान लिहिते, उणे अठरा. घरी येऊन अधिक तीस लिहिते. जुना मासळीचा थर्माकोलचा खोका घेतला, वर दोन दिवे लावले, एक उबेचा आणि एक उन्हासारखा प्रकाश देणारा. तो दुसरा कोल्हापूरहून मागवला. तळाला वाळलेलं गवत. रोज सकाळी साडेसहाला पंधरा मिनिटं कोमट पाण्यात, तेही फक्त हनुवटीखाली येईल इतक्याच. लाईट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना. या आठवड्यात लाईट अकरा वेळा गेली. खोक्यातलं तापमान सत्तावीसच्या खाली एकदाच गेलं, मी कामावर होते तेव्हा. आप्पांनी बाटल्या भरल्या होत्या, पण झाकण नीट लावलं नव्हतं. गवत भिजलं. मी त्यांना बोलले. बोलायला नको होतं.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस लागतो, म्हणजे माकलाच्या पाठीतला तो पांढरा काटा. कंपनीत माकूल साफ करताना तो टोपल्यांनी फेकला जातो. मी चार काटे धुऊन पिशवीत घातले, तर टेबलावरची मालन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "मॅडम काटं नेतायत गो! पगार झाला नाय काय?"

मी सांगितलं, कासवाला घालायचे आहेत, किसून.

"कासवाला? आणि मासा मांजराला?"

"मासा कंपनीला."

ती इतकी हसली की हातातलं माकूल खाली पडलं. आता ती रोज एक चांगला, न मोडलेला काटा बाजूला ठेवते आणि जाताना विचारते, "तुमच्या बोंडूशेटनी डोळं उघडलान काय?" गेले दहा दिवस माझं उत्तर एकच आहे.

मॅडमनी परवा सहज विचारलं, तुमच्या विहिरीला कठडा नाही का? मी म्हटलं, आहे. चिऱ्यांचा, अडीच फूट. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सुईचा नंबर विचारला.

आज सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी खोक्याजवळच होते. आप्पा म्हणाले, "बोंडू ना? मजेत आहे रे. खातो, पितो, झोपतो. माझ्यासारखाच." फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे न बघता अंगणात गेले आणि पाऊस पडत असताना तुळशीला पाणी घालून आले.

मी विचारलेल्या तीन गोष्टी अजून हव्या आहेत.

अक्षया


१० ऑगस्ट, रविवार

दादा,

२२ जुलैला उजवा डोळा उघडला. २५ला डावा. नाकातले बुडबुडे ३० तारखेपासून नाहीत. आज वजन ८३.

२७ जुलैला त्याने जास्वंदीच्या पाकळीचा तुकडा तोडला. गिळला नाही. दुसऱ्या दिवशी गिळला. आता जास्वंदीचं फूल, तिचीच कोवळी पानं, हरळी आणि शेवग्याचा पाला, वर किसलेला समुद्रफेस. आंबा, भात, काकडी पूर्ण बंद. आप्पांना ते पटलेलं नाही. "गवत काय कोणी हौसेने खातं?" असं म्हणतात, पण सकाळी चष्मा लावून हरळी तेच निवडतात, मुळं काढून.

तुझा निरोप मिळाला. आप्पांनी शब्दशः सांगितला, "तिला म्हणावं, तुझ्या पत्रात आकड्यांशिवाय काही नसतं." म्हणजे तू पत्रं वाचतोस.

आकड्यांशिवाय लिहायचं तर: उघडलेले डोळे काळे आहेत. मी झाकण उचललं की ते मान वर करतं आणि बघतं. ओळखतं म्हणून की दिवा सरकतो म्हणून, मला माहीत नाही. ते तपासण्यासाठी एकदा मी दिवा न हलवता झाकण उचललं. तरी बघितलं. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मला हे असंच लिहिता येतं.

आप्पा म्हणतात तू गणपतीला येणार आहेस. खोलीतली तुझी गादी उन्हात घालायला ऊन नाही, म्हणून दिव्याखाली टाकून ठेवली आहे. बोंडूच्या नाही, इस्त्रीच्या टेबलावरच्या.

अक्षया


७ सप्टेंबर, रविवार

दादा,

तू पाच दिवस होतास. पाच दिवसांत तू माझ्याशी थेट एकही शब्द बोलला नाहीस. उकडीचे मोदक वाढताना तू म्हणालास, "आप्पा, तिला सांगा, मला तूप कमी." मी तुझ्यापासून दीड हातावर उभी होते. आप्पा म्हणाले, "मी काय टपालखात्यात आहे? आयुष्यभर जिल्हा परिषदेत कारकुनी केली, आता तुम्हां दोघांची हमाली करतो. तूच सांग तिला." तू हसलास. मीही हसले, पण स्वयंपाकघरात जाऊन. तूप मात्र कमी वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू खोक्याशी उकिडवा बसला होतास. बोट पुढे केलंस आणि त्याने ते चावून पाहिलं. तू आप्पांना विचारलंस, "एवढं बरं झालं तर पाठ अशी उंचसखल का हो?" आप्पा म्हणाले, "वाढतंय ना." तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी दारात होते. हातात नारळ होता. मी आत गेले आणि नारळ फोडला.

तू गेल्यावर तीन दिवसांनी, ५ तारखेला, मी बोंडूला तपासणीसाठी नेलं. वजन ९५, ४ मेच्यापेक्षा जास्त. राजश्री मॅडमनी पाठ दाबून पाहिली, कडेने अजून किंचित मऊ आहे, मध्ये घट्ट. त्या खूश होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. वनविभागाचे लोक कधी नेतायत? दोन महिने झाले ना तुम्ही कळवून?"

मी कळवलेलं नव्हतं. जूनच्या २८ला त्यांनी सांगितलं तेव्हा मी "आज फोन करते" म्हटलं. जुलैत त्यांनी विचारलं तेव्हा "केला आहे" म्हटलं. हे दोन्ही खोटं होतं. तुला "ते मी बघते आहे" लिहिलं, तेही.

मी त्यांना तिथेच खरं सांगितलं. त्या हात धूत होत्या. नळ बंद केला आणि म्हणाल्या, "अक्षया, मी तुमच्या भरवशावर माझ्या केसपेपरवर लिहिलंय, कळवलं आहे म्हणून." मग म्हणाल्या, "का?"

पहिलं कारण मी सांगितलं, की जुलैत ते प्रवासात मेलं असतं. ते खरं आहे. पण ऑगस्टमध्ये मेलं नसतं.

दुसरं कारण असं, की वनविभाग विचारणार, काय झालं. आणि मला माझ्या पहिल्या पत्रातला चौथा मुद्दा कागदावर सही करून लिहावा लागणार. तो मुद्दा खोटा आहे. बोंडू विहिरीत पडलं नाही.

१४ जूनला शनिवार होता, मी घरी होते. दोन दिवस ते नीट खात नव्हतं, कोपऱ्यात बसून होतं. आप्पा म्हणाले, "कोरडं पडलंय गो बिचारं. क्रेटमध्ये काय जगतंय? विहिरीत सोड. आमच्या लहानपणी वाडीतल्या दर विहिरीत कासव असायचं. आपल्यात होतं ते माझ्या मुंजीपासून नोकरीला लागेपर्यंत होतं. पाणी कसं निवळ ठेवायचं!"

त्यांनी कठड्यावरून हात पुढे केला. मी म्हटलं, "थांबा आप्पा, वरून टाकू नका, लागेल. मी बादलीतून सोडते."

मी सोडलं, दादा. रहाटाला बादली लावली, तळाला चार इंच पाणी ठेवलं, बोंडूला त्यात ठेवलं आणि सावकाश खाली सोडलं. बादली पाण्याला टेकल्यावर तिरकी केली. काम नीट केलं.

बादलीत ठेवताना मी त्याचे पाय पाहिले होते. बोटांमध्ये पडदा नाही. हत्तीसारखे गोल, आखूड पाय. पोहणाऱ्या प्राण्याचे नाहीत, हे मला दिसलं. माझ्या डोक्यात ते वाक्य पूर्ण तयार झालं होतं. मी ते बोलले नाही, कारण आप्पा त्या दिवशी फार दिवसांनी उत्साहात होते, आणि कारण वाडीत सगळे विहिरीत कासव सोडतात. कंपनीत बर्फाची लादी आली तरी मी कागद बघितल्याशिवाय सही करत नाही.

ते आधी तरंगलं, पाय मारत मारत भिंतीकडे गेलं, एका पुढे आलेल्या चिऱ्याला घासत राहिलं. डोकं वर यायचं, खाली जायचं. मग सगळंच खाली गेलं. आप्पा म्हणाले, "बुडी मारलीन. येईल वर." मी घड्याळ लावलं होतं, किती वेळ बुडी मारतं ते बघायला. वीस मिनिटं हा आकडा त्यामुळे आहे. त्यांतली शेवटची सहा ते वर आलंच नाही. मग मी खाचांत पाय ठेवून उतरले. पाऊस लवकर झाल्यामुळे पाणी बरंच वर होतं, नाहीतर जमलं नसतं. ते चिऱ्याखालच्या कोनाड्यात अडकलेलं होतं. वर आणून उलटं धरलं तेव्हा तोंडातून चमचाभर पाणी आलं.

आप्पांनी त्याच दिवशी माझ्याकडून वचन घेतलं, अजिंक्यला सांगायचं नाही. त्यांना वाटतं तू त्यांना मूर्ख समजशील. मला ते वचन सोयीचं होतं. त्यांना वाचवते आहे असं स्वतःला सांगता येत होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पाठ उंचसखल आहे ती मे आणि जूनमधल्या खाण्यामुळे. ती तशीच राहणार.

आता योगिनीबद्दल. तुमचं लग्न ठरल्यावर ती मालगुंडहून एकटी आली होती, कंपनीच्या गेटवर. तिने विचारलं, तुझ्या दादाला लहानपणी फिट यायच्या, हे खरं का? मी म्हटलं, हो, तीन वेळा, शेवटची अकराव्या वर्षी, त्यानंतर औषधही नाही. लग्न मोडलं. तू म्हणालास, "तुला 'नाही' म्हणता आलं नाही?" मी म्हटलं होतं, जे विचारलं ते सांगितलं. त्या एका उत्तरावर मी दहा महिने ताठ राहिले. उत्तर मी आजही तेच देईन. पण तिला "उद्या सांगते" म्हणून त्या संध्याकाळी तुला फोन करता आला असता. ती तुझी गोष्ट होती आणि तुला ती शेवटी कळली. ते चुकलं. मी माफी मागते.

तुझ्याबद्दलचं मी पाच मिनिटांत सांगून टाकलं. माझ्याबद्दलचं सांगायला बारा आठवडे लागले. हे लक्षात आल्यापासून मला नीट बसवत नाही.

उद्या कामावर जायच्या आधी वनविभागाच्या कार्यालयात जाते आहे.

अक्षया


४ ऑक्टोबर, शनिवार

दादा,

तू काही लिहिलं नाहीस, पण आप्पांकडे तू विहिरीबद्दल विचारलंस हे मला कळलं. म्हणजे पत्र पोचलं. आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हरळी निवडताना म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. फोनवर दर रविवारी मजेत आहे, मजेत आहे म्हणून कंटाळा आला होता."

वनविभागाने काय सांगितलं ते लिहिते. गुरुवार १६ ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता बोंडूला घेऊन बोलावलं आहे. सोबत डॉक्टरांचे कागद आणि आमचं लेखी निवेदन: कासव कोणी आणलं, कधी, कुठून, घरी काय झालं. पुढे त्याला प्राण्यांच्या उपचार केंद्रात नेतील. पाठ पूर्ण घट्ट झाली आणि ते कुठल्या भागातलं हे कळलं, तर तिकडच्या रानात सोडण्याचा विचार करता येतो. कळलं नाही, तर केंद्रातच राहील. ही कासवं पुष्कळ जगतात. साठ-सत्तर वर्षं पिंजऱ्यात राहायचं की रानात, ते तुझ्या एका माहितीवर अवलंबून आहे. मला ती माहिती नाही. आप्पांना एवढंच आठवतं, की तू म्हणाला होतास, ट्रकच्या एका ड्रायव्हरने रस्त्यातून उचलून तुला दिलं.

परवा निवेदनाचा मसुदा करायला बसले तर आप्पा शेजारी येऊन बसले.

"लिही, आप्पांनी आणलं."

"तुम्ही आणलेलं नाही."

"मग काय झालं? सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला कोण काय करणार आहे? त्याच्या बंदरातल्या गेटपासची पोलीस पडताळणी असते दर वर्षी, तुझी कंपनी अशी कडक. माझं काय आहे? पेन्शन कासव बघून देत नाहीत."

"आप्पा, ते विचारतील कुठून आणलं."

"सांगेन, अंगणात आलं चालत."

"कच्छातून?"

"वाट चुकलं असेल," ते म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. मग हसू थांबलं. म्हणाले, "अक्षया, त्याची नोकरी गेली तर तुम्ही दोघं परत या घरात एकत्र जेवायला बसणार नाही. मला तेवढंच बघायचंय."

दादा, मी या सूचनेचा खरोखर विचार केला. दोन दिवस. तसं लिहिलं तर तू सुटतोस, मी सुटते, आप्पांना बहुधा समज देऊन सोडतील. बोंडू मात्र आयुष्यभर केंद्रात राहील, कारण अंगणात चालत आलेल्या कासवाला परत पाठवायला गाव नसतं. आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत ज्या माणसाने कचेरीतली पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही, त्याच्या नावावर मी हे लिहिणार नाही.

मसुदा सोबत जोडला आहे, एक पान. त्यात असं आहे: ४ मे रोजी अजिंक्यने कासव आणलं, वाढदिवसाची भेट म्हणून, कायद्याची माहिती नसताना. १४ जूनला मी ते स्वतःच्या हाताने विहिरीत सोडलं. २८ जूनला बंदी असल्याचं समजूनही मी सप्टेंबरपर्यंत कळवलं नाही, आणि डॉक्टरांना कळवल्याचं खोटं सांगितलं. आप्पांचं नाव फक्त घरमालक म्हणून. उपचाराच्या नोंदी जोडल्या आहेत, रोजचं वजन आणि तापमान, एकही दिवस गाळलेला नाही.

तुझ्या गेटपासचं मला माहीत आहे. इथल्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, प्राणी जिवंत आहे, उपचार केले आहेत आणि स्वतःहून आणून देताय, याचा उपयोग होतो, पण खात्री कोणी देणार नाही. मीही देत नाही. माझ्या कंपनीत मी माझ्या वरिष्ठांना सोमवारीच सांगितलं आहे, बाहेरून कळण्याआधी. ते म्हणाले, निवेदनाची प्रत द्या, मग बघू. काय बघतील ते माहीत नाही.

तुझं नाव या कागदात येणार. ते मी गाळणार नाही. पण या वेळी कागद तुझ्याकडे आधी पाठवते आहे, बारा दिवस आधी. तुझ्याबद्दलचं वाक्य तुला स्वतः लिहायचं असेल तर ते खोडून जागा मोकळी ठेवते, तू लिही आणि तूच सही कर. तू बरोबर आलास तर आपण दोघं जाऊ. आला नाहीस तर मी एकटी जाईन, आणि मसुदा आहे तसा देईन.

आज बोंडूचं वजन १०४ ग्रॅम. प्रवासासाठी भोकं पाडलेला लाकडी खोका तयार आहे, आत गवत. आप्पा खोक्यावर नाव लिहू का विचारत होते. मी नको म्हटलं, तिथे नंबर देतात. त्यांनी तरी लिहिलं आहे, खडूने, खालच्या बाजूला.

मला तुझ्याकडून हवं आहे ते एवढंच: त्या ड्रायव्हरने कासव कुठल्या रस्त्यावर, कुठल्या गावाजवळ उचललं, आणि १६ तारखेला तू येणार की नाही. सोमवार, १३ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कळव. पत्राला वेळ नाही, फोन कर. मी उचलेन.

अक्षया